नऊ नंबरचा पाइप

सोमवार, ३ तारीख

काम मिळालं. तपासणी केंद्राचं आहे, सगळ्यात वरचा मजला. बारा लाइनी ओढायच्या, काही विजेच्या, काही नेटवर्कच्या, आणि सगळ्या जुन्याच पाइपांतून. मॅनेजरबाईंची अट एकच: फोडाफोडी नाही. फरशी नवी, भिंती नव्या, पॅसेजला वर काचेचं छत. भिंतीवरून केबलची पट्टी गेली तर इंटिरियरवाला म्हणे जीव देईल. सतरा तारखेला तपासणीचं मोठं यंत्र येणार, त्याआधी सगळं चालू पाहिजे.

मी आठवड्यापूर्वी त्यांच्या दुसऱ्या ऑफिसात बसून, नकाशा बघून हो म्हणालो. नकाशा बघून हो म्हणणाऱ्याला देवसुद्धा वाचवत नाही, असं दाजी म्हणतात. दाजी म्हणजे ताईचे यजमान आणि माझे भागीदार. पाइपात तार कशी ढकलायची, ती आत कुठे अडतेय ते बोटांना कसं कळतं, हे मला त्यांनी शिकवलं. रोज काय ओढलं, कुठे अडलं ते वहीत लिहायची खोडही त्यांनीच लावली. त्यांची वही मात्र कधीच बंद झाली.

आज दोघं पहिल्यांदा जागेवर गेलो. दर्शनी भाग काचेचा, पाटी नवी, दाराशी कुंड्या. मला काही कळलं नाही. जिना चढताना दुसऱ्या वळणावर कठड्याला हात लागला आणि मी थांबलो. ही तीच इमारत. अठरा वर्षांपूर्वी इथे स्लॅब पडत होते तेव्हा पाइप आम्हीच टाकले होते.

दाजी पुढे होते. त्यांनी ओळखली नसावी, त्यांचं लक्ष नसतं अशा गोष्टींकडे. वर पोचल्यावर पॅसेजच्या मधोमध थांबले, फरशीकडे बघितलं, मग म्हणाले, "उजेड चांगला पाडलाय." मी म्हणालो, हो.

मंगळवार, ४ तारीख

हत्यारांवरून सकाळीच वाद. आमच्याकडे स्टीलची फिश वायर आहे, म्हणजे लांब लवचिक पट्टी. ती पाइपात ढकलायची, दुसऱ्या टोकाला निघाली की तिला केबल बांधायची आणि ओढायची. दाजी म्हणाले, नायलॉनचीही एक घेऊ, कारण काही पाइपांत आधीच जिवंत तारा आहेत आणि स्टील त्यांना घासलं तर उगाच शॉक बसायचा. हे मला पटलं, पण पटलं असं लगेच म्हणायचं नसतं. मी दहा मिनिटं घासाघीस करून मग पटवून घेतलं.

मग वंगण. मी आजवर साबणाच्या पाण्यावर भागवलं. दाजींचं म्हणणं, साबण वाळला की पाइपात खरपुडी धरते आणि पाच वर्षांनी केबल बदलायला येणारा आपल्या नावाने खडे फोडतो. म्हणून जेल घेतलं. केबलच्या टोकावर चढवायचा जाळीचा मोजा घेतला, तो ओढला की आवळतो आणि टेपसारखा मध्येच निसटत नाही. शिवाय ओढण्याचा जोर दाखवणारा छोटा काटा. नेटवर्कची केबल दहा किलोच्या वर ओढली की आतल्या तारांचे पीळ सैल होतात. बाहेरून काहीच दिसत नाही, केबल नवी कोरी वाटते आणि काम मात्र देत नाही.

दुकानात काचेच्या कपाटात पाइपात घालायचा कॅमेरा होता. दाजींनी तो बराच वेळ बघितला. मी म्हणालो, ती श्रीमंतांची खेळणी.

गुरुवार, ६ तारीख

अकरा लाइनी झाल्या. दोन दिवसांत अकरा, हे आमच्या वयाच्या जोडीला शोभून दिसलं. दाजी एका टोकाला, मी एका टोकाला. ते "दे" म्हणतात, मी देतो. मी "थांबा" म्हणतो, ते थांबतात. बाकी बोलावंच लागत नाही.

नऊ नंबर मी शेवटी ठेवला होता. दाजींनी दोनदा विचारलं की आठनंतर थेट दहा कसा, मी सांगितलं की दहा-अकरा एकाच डब्यात आहेत, सोयीचं पडतं. चोराच्या मनात चांदणं, तसं ते पुन्हा विचारतील म्हणून मी उगाच घाई दाखवत राहिलो.

आज दुपारी नऊला हात घातला. नोंदींच्या खोलीतून स्टील ढकललं. गेलं, गेलं आणि ठप्प. मला माहीत होतं ठप्प होणार.

इथे लिहितो, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार? मी तेवीस वर्षांचा होतो. दाजी त्या कामावर मुख्य होते आणि मी त्यांच्या हाताखाली. नऊ नंबरचा पाइप सळ्यांवर टाकताना मध्ये सांडपाण्याचा नळ आडवा आला. त्याला वळसा घालायला लांब वळणाचे बेंड लागतात, आणि बेंड संपले होते. दाजींचा नियम होता की स्लॅबमध्ये एल्बो घालायचा नाही, एल्बो म्हणजे काटकोन, काटकोनात तार वळत नाही, बेंड नसले तर काम थांबव. ते पलीकडच्या इमारतीत होते. खाली काँक्रीटची गाडी येऊन उभी होती आणि मुकादम माझ्या नावाने ओरडत होता. मी पाठोपाठ दोन एल्बो घातले आणि सळईला बांधून मोकळा झालो. तासाभरात त्यावर काँक्रीट पडलं.

सहा महिन्यांनी तारा ओढायची वेळ आली. नऊ जाईना. जोर लावला तर फिश वायर आतच तुटली. ठेकेदाराने विचारलं, कुणी टाकला हा पाइप? दाजी म्हणाले, काम माझं आहे. त्याने त्यांना सगळ्यांसमोर काढलं आणि चार ठिकाणी सांगितलं. मी तिथेच होतो, हातात पक्कड होती. दाजींनी पुढे बारा वर्षं एका दुकानाच्या मागच्या खोलीत पंख्यांच्या मोटारी भरल्या. सहा वर्षांपूर्वी मी त्यांना माझ्याबरोबर घेतलं.

आता तोच पाइप, तेच आम्ही दोघं. आत कुणी डोळा घातला तर सगळं उघडं पडणार.

शुक्रवार, ७ तारीख

नायलॉनची वायर, तीही अडली. नायलॉनला कणा नाही, ती आत मऊ वेटोळं घालून बसली.

मग दाजींनी व्हॅक्यूमची युक्ती काढली. एका टोकाला स्पंजचा बोळा, त्याला बारीक दोरा, आणि दुसऱ्या टोकाला व्हॅक्यूम लावून ओढायचं. मला ही युक्ती आवडली. यात काही दिसत नाही, मोजावं लागत नाही, गेला तर बोळा गेला. बोळा गेला नाही. पण दाजी टोकाला तळहात लावून उभे राहिले आणि मला हाक मारली. तळहाताला वारा लागत होता.

"हवा येतेय," ते म्हणाले. "म्हणजे आत सिमेंट नाही. मेव्हणे, तुम्हाला काय वाटतं, काय असेल?"

ते मजेत असले की मला मेव्हणे म्हणून अहो-जाहो करतात. मी म्हणालो, एखादा दगड असेल, उंदराचं घर असेल. त्यांनी मान हलवली आणि माझ्याकडे बघत राहिले, जणू अजून काही यायचं बाकी आहे. माणूस साधा आहे, अंदाजसुद्धा करता येत नाही त्याला.

मॅनेजरबाई आल्या. म्हणाल्या, यंत्र बसवणाऱ्या इंजिनियरकडे पाइपाचा कॅमेरा आहे, मागवू का? मी इतक्या घाईने नको म्हणालो की त्या दचकल्या.

शनिवार, ८ तारीख

कॅमेरा का नको, याची कारणं मी बाईंना फोनवर दिली. जेल लागलेल्या पाइपात भिंग बरबटतं. बाकदार जागी कॅमेऱ्याची मान अडकते. तो आत अडकला तर काढायला फरशी फोडावी लागेल. यातलं एकही धड खोटं नाही. मला माझ्या हुशारीचं कौतुकही वाटलं.

इकडे आड, तिकडे विहीर. काम सोडलं तर का सोडलं ते दाजींना सांगावं लागेल. केलं तर ते दिसेल.

रविवार, ९ तारीख

ताईकडे जेवायला. गेल्या गेल्या तिने पंख्याचं बटण दाखवलं. दाजींनी कालच बदललेलं. "तू एकदा उघडून बघ रे. यांचं काही खरं नसतं."

हे ती हसत म्हणाली, दाजींसमोर. ती नेहमीच म्हणते. दाजी वर्तमानपत्र वाचत होते, त्यांनी पान उलटलं. मी पेचकस घेऊन बटण उघडलं. आत काम इतकं नीट होतं की चारही स्क्रूंच्या खाचा एका रेषेत उभ्या होत्या. मी म्हणालो, ठीक आहे. ताई म्हणाली, तू बघितलंस म्हणजे झालं, मला आता घोर नाही.

जेवताना तिने माझ्या बायकोला पुन्हा ती गोष्ट सांगितली, मी सहा वर्षांपूर्वी स्वतःहून घरी आलो आणि दाजींना माझ्याबरोबर या म्हणालो ती. आमची ही दर वेळी पहिल्यांदाच ऐकतेय असं ऐकते. ताई म्हणते, भाऊ असावा तर असा. मी पाणी प्यायलो. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि उठता येत नव्हतं, कारण ताट भरलेलं होतं आणि सगळे माझ्याकडे प्रेमाने बघत होते.

सोमवार, १० तारीख

फायबरची दांडी आणली, दाजींच्या आग्रहाने. चक्रीवर गुंडाळलेली असते, स्टीलपेक्षा ताठ आणि नायलॉनपेक्षा शहाणी, वीजही वाहत नाही. हत्यार म्हणून सगळ्यात उत्तम. फक्त तिच्यावर दर मीटरला खूण असते, आणि हाच तिचा दोष. बाकीची हत्यारं अडली एवढंच सांगतात, ही कुठे अडली तेही सांगते.

मॅनेजरबाईंनी नाइलाजाने एक फरशी उचलायची परवानगी दिली आहे. एकच. जागा अचूक सांगा, म्हणाल्या.

दांडी मी ढकलत होतो, दाजी पॅसेजमध्ये मोजपट्टी आणि खडू घेऊन बसले होते. दांडी अकरावर थांबली. बरोबर अकरा, नळाच्या जागी. दाजींनी विचारलं, "किती?"

मी म्हणालो, "तेरा."

माझा विचार असा होता की तेरावर फरशी उचलली की तिथे काहीच सापडणार नाही. मग बाई कंटाळतील, भिंतीवरून पट्टी न्यायला हो म्हणतील, नऊ नंबर पुन्हा झाकला जाईल आणि कुणाचंच काही बिघडणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. इंटिरियरवाल्याने जीव दिला तर देवो.

दाजींनी मोजून फुली मारली. मग मी चक्री फिरवत होतो आणि ते नेहमीप्रमाणे दांडी फडक्याने पुसत पुसत देत होते. मध्येच थांबले. एका जागी दोनदा पुसलं.

"तेराच ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, हो, तेरा. धूळ फारच होती आत, म्हणून पुसायला वेळ लागला असेल.

बुधवार, १२ तारीख

फरशीवाला सकाळी आला. फुलीवरची फरशी त्याने अख्खी उचलायचा प्रयत्न केला, ती दोन तुकडे झाली. खाली खोदलं, पाइप दिसला. सरळ, गोल, निरोगी पाइप. त्याने थोडा कापून दाखवला. आत काही नाही.

मॅनेजरबाईंनी खड्ड्याकडे बघितलं, मग आमच्याकडे. मला वाटलं होतं कंटाळतील. त्या चिडल्या. परवा सकाळी कॅमेरा येतोय, म्हणाल्या, कुणाला विचारणार नाही आता. आणि मग विचारलं, ही खूण कुणी केली?

दाजी म्हणाले, "माझी आहे."

मी तिथेच होतो. हातात चक्री होती.

बाई म्हणाल्या, काका, वय झालं असेल तर घरी बसावं, लोकांच्या फरशा कशाला फोडता? उद्यापासून हे नकोत, असं त्या मला म्हणाल्या, त्यांना नाही. दाजींनी खडू खिशात टाकला, पिशवी उचलली, जिना उतरून गेले. घाई नाही, राग नाही. फरशीवाला माझ्याकडे बघत होता. त्याला काय कळणार, पण त्याने नजर काढून घेतली.

अठरा वर्षांपूर्वी मी पोर होतो, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. आज मी एकेचाळीसचा आहे.

गुरुवार, १३ तारीख

सकाळी एकट्याने काम करून बघितलं. इकडून ढकलायचं, धावत तिकडे जाऊन बघायचं, पुन्हा इकडे. तासाभराने पॅसेजमध्येच बसकण मारली. मग उठलो आणि दाजींना शोधायला गेलो. घरी नव्हते. घरात ताईला सांगायला नको म्हणून रोजच्या वेळेला डबा घेऊन बाहेर पडले होते आणि बागेतल्या बाकावर बसले होते. डबा शेजारी न उघडलेला.

मी बसलो. मग म्हणालो, "दाजी, नऊ नंबरमध्ये एल्बो आहेत. दोन. मी घातले होते."

"माहीत आहे."

"सोमवारपासून?"

"स्लॅब पडला त्याच संध्याकाळपासून. मी रोज सामानाचे डबे मोजून ठेवायचो. भिंतीवरच्या कामाचे एल्बो दोन कमी होते, आणि भिंतीवरचं काम सुरूच झालं नव्हतं." ते समोर बघत बोलत होते. "म्हटलं, पोरगा घाबरलाय, उद्या सांगेल. स्लॅब ओला आहे तोवर सांगेल. मग सुकला."

मी विचारलं, ठेकेदाराला का नाही सांगितलं? म्हणाले, त्या दिवशी तुझं लग्न वीस दिवसांवर होतं. ताईने जमवलेलं. कामावरून हाकललेल्या मुलाला कुणी मुलगी दिली असती, आणि ताईने तोंड कुठे दाखवलं असतं? मग त्यांना वाटलं, लग्नानंतर पोरगा सांगेल. मग मूल झाल्यावर. मग त्यांनी वाट बघणं सोडलं.

"ही इमारत मी कोपऱ्यावरूनच ओळखली," ते म्हणाले. "आणि मूर्खासारखा पुन्हा वाट बघायला लागलो. दांडीवर धूळ अकरापर्यंतच होती. तेव्हाही म्हटलं, अजून एक दिवस देऊ."

मी माफी मागितली. मी रडलो, हेही लिहितो, कारण ते खरं आहे. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "आता तू सांगून मोकळा झालास. मी काय करू ते सांग."

उठताना त्यांनी बजावलं, तुझ्या ताईला यातलं काही कळता कामा नये, तिला एकच भाऊ आहे. ही मला शिक्षाच दिली आहे त्यांनी, दुसरं काय. दर रविवारी तिथे बसायचं, तिचं कौतुक ऐकायचं आणि दोघांनी ताटाकडे बघायचं.

शुक्रवार, १४ तारीख

कॅमेरा यायच्या आधी मॅनेजरबाईंना गाठलं. खूण दाजींची असली तरी आकडा माझा होता, मी मुद्दाम चुकीचा सांगितला, आणि पाइप मुळात मीच बिघडवला होता, सगळं सांगितलं. अठरा वर्षांचं ऐकायला त्यांना वेळ नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, सतराच्या आत होईल का? मी म्हणालो, दोन माणसं लागतील. म्हणाल्या, मग त्या काकांना बोलवा, आणि त्यांची माफी मी मागेन, तुम्ही मध्ये पडू नका.

इंजिनियर आला. तरुण, जांभया देत होता. कॅमेऱ्याची वायर आत सोडली आणि छोट्या पडद्यावर पाइपाची आतली भिंत सरकायला लागली. अकरावर काटकोन दिसला, त्यात तुटलेल्या फिश वायरचं गंजकं टोक, आणि पलीकडे दुसऱ्या काटकोनाची कड. ज्या चित्राच्या धास्तीने मी आयुष्य काढलं ते हे.

"इथे दोन एल्बो आहेत," तो म्हणाला, आणि वायर गुंडाळायला लागला.

दुपारी ताईचा फोन. मी जिन्यात होतो. दाजी आज घरीच होते, म्हणून तिने खोदून खोदून विचारलं होतं. त्यांनी एवढंच सांगितलं की एक फरशी चुकीची फुटली. पुढचं तिने स्वतःच जुळवलं. म्हणाली, पुन्हा तेच केलं ना रे यांनी? तुझ्या कामाला बट्टा लागला ना? मग तिचा आवाज खाली आला.

"तू रागावला असशील. पण त्यांना काढू नकोस. मी हात जोडते तुला. त्या मोटारींच्या खोलीत ते पुन्हा गेले तर आता टिकायचे नाहीत."

माझी मोठी बहीण. जिने मला हात धरून चालायला शिकवलं ती मला हात जोडत होती, आणि दाजींचं म्हणणं होतं की मी ते जोडून घ्यावेत. मी प्रयत्न केला. "नाही काढणार" एवढंच म्हणून फोन ठेवता आला असता. मी कठडा धरला आणि म्हणालो, "ताई, फरशी माझ्यामुळे फुटली. आणि तेव्हाचा पाइपही मीच टाकला होता. दाजींनी काहीच केलं नव्हतं, कधीच."

फोनवर मागे नळाचं पाणी वाहत होतं. मग तिने विचारलं, "मग तू त्यांना कामाला घेतलंस ते कशापायी?"

मी म्हणालो, त्यापायीच. तिने फोन बंद केला. घरी आल्यापासून तीन वेळा लावला, उचलत नाही.

शनिवार, १५ तारीख

आठ वाजता पोचलो. येताना बेंड आणले, दोन लागतात तिथे सहा आणले. फरशीवाला अकरावर बसला होता. बाईंनी काल संध्याकाळी दाजींना फोन करून माफी मागितली होती, पण ते येतील का, मला माहीत नव्हतं. मला स्वतः फोन करायची हिंमत झाली नाही.

साडेआठला आले. बरोबर ताई. घरच्या साध्या साडीत, केस कसेतरी बांधलेले. माझ्याकडे तिने बघितलं नाही. दाजी मला म्हणाले, "सांगू नको म्हटलं होतं." मी मान खाली घातली.

ताई खड्ड्याशी उभी राहिली. फरशीवाल्याने छिन्नीने स्लॅब सोलून काढला होता. नळाला खेटून पाइप दोनदा मोडला होता, सगळं स्पष्ट दिसत होतं. त्याने तो तुकडा दोन्ही बाजूंनी कापून वर काढला आणि कुठे ठेवू म्हणून बघू लागला, तेव्हा तिने हात पुढे केला. सिमेंट माखलेले, एकमेकांना जोडलेले दोन एल्बो. तिच्या तळहातावर ते सहज मावले.

ती त्या एल्बोंकडे बघत राहिली. मग दाजींकडे वळून म्हणाली, "एवढंसं होतं?"

"एवढंसंच असतं," दाजी म्हणाले.

"आणि मी तुमच्या मागे बटणं तपासत हिंडले इतकी वर्षं."

दाजींनी तिच्या हातातून तो तुकडा घेतला आणि राडारोड्याच्या गोणीत टाकला. तिच्या तळहाताला सिमेंटची भुकटी लागली होती, ती आपल्या फडक्याने पुसून दिली. ताई पॅसेजच्या टोकाच्या खुर्चीवर जाऊन बसली. तिला घरी जायचं नव्हतं. आम्ही बेंड बसवले. दाजींनी मला एकाही मापासाठी विचारलं नाही, स्वतः दोनदा मोजलं. मी नुसता हत्यारं देत राहिलो. मेव्हणे म्हणून एकदाही हाक मारली नाही.

पाइप जुळला. दाजींनी दांडीला दोर बांधला, केबलच्या टोकावर जाळीचा मोजा चढवला, त्याला जेल लावलं. मी बाजूला उभा होतो. आता यापुढे मी यातला कोण, हे मला कळत नव्हतं.

"तू त्या टोकाला जा," ते म्हणाले.

मी गेलो.